तळ्याकाठचा मुक्काम

"तिथे काही नाहीये गं शालू," मी म्हणाले. "पेटी नाही, गुहा नाही, माणूस नाही, साधा कोल्हासुद्धा नाही. हा बघ मॅप."

"दिसतंय की," ती म्हणाली. "म्हणूनच जाऊया म्हणते."

"म्हणूनच म्हणजे?"

"तळं आहे तिथे. जरा बसू."

आता तुम्हीच सांगा. लग्न तोंडावर आलेलं, राज्याचा पश्चिमेचा अख्खा डोंगर करायचा राहिलेला, आणि ही बाई म्हणते जरा बसू! मी माझ्या काकूचा घोडा वळवला आणि सरळ डोंगराकडे हाकला. शालूचा भडंग क्षणभर तळ्याकडे तोंड करून उभा राहिला. मग तोही मुकाट्याने माझ्या मागून आला.

नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी काय बरळतेय.

शाल्मली माझी नणंद. सांगलीला आमच्या घरी, म्हणजे माझ्या सासरी, आम्ही दोघी दुपारी व्हिडिओ गेम खेळायचो. ते खेळायचं यंत्र खरं तर सारंगने, माझ्या नवऱ्याने, स्वतःसाठी आणलं होतं. आठवडाभर हौसेने खेळला आणि कंटाळला. मग ते आमच्या ताब्यात आलं. एका टीव्हीवर दोघींनी मिळून खेळायचा गेम होता. इंग्रजी नाव लांबलचक, आम्ही नुसतं 'राज्य' म्हणायचो. भलंमोठं राज्य, त्यात गावं, जंगलं, पडके किल्ले. आपण एकेक पात्र घ्यायचं, लोकांची अडलेली कामं करत त्याला मोठं करायचं आणि शेवटी राजधानीत ठाण मांडून बसलेल्या राणीला हरवायचं. पात्राला नाव आपणच द्यायचं. माझी तलवारवाली बाई होती, तिचं नाव मी काकू ठेवलं. शालूचा तिरंदाज होता. त्याचं नाव तिने ठेवलं भडंग.

का, ते सांगलीकरांना सांगायला नको. आमच्या दोघींच्या मध्ये भडंगाची वाटी असायचीच. तिखटजाळ, लसूण घातलेले चुरमुरे. मी नाशिकची, दोन घास खाल्ले की नाक पुसत बसायचे. शालू मात्र वाटीतल्या तळलेल्या लाल मिरच्यासुद्धा वेचून खायची आणि मला हसायची. "वहिनी, तुमच्याकडे काय दूधभातच खातात काय गं?"

तर त्या गेममध्ये एक सोय होती. कुठेही मुक्काम टाकता यायचा. एक बटण दाबलं की शेकोटी पेटते, चुलीवर हंडी चढते, दोन चटया अंथरल्या जातात आणि आपापलं पात्र नेऊन त्यांवर मांडी घालून बसवायचं. त्याचा उपयोग म्हणाल तर शून्य. ताकद वाढत नाही, काही मिळत नाही. पण पहिले काही महिने आम्ही रस्ता चुकलो की मुक्काम टाकायचो, आणि चुकायचो तर सारख्याच. कंट्रोलर मांडीवर ठेवून भडंग खात बसायचो. शालूने मला तिच्या शाळेतलं, कॉलेजातलं, एका मुलाने तिला कृष्णेच्या घाटावर कसं ताटकळत ठेवलं होतं ते, सगळं त्या चटयांवर सांगितलं. मीसुद्धा मला मूल होत नव्हतं त्याचं दुःख पहिल्यांदा तिलाच सांगितलं. सारंगच्या आधी. सासूबाई अधूनमधून डोकावून म्हणायच्या, "काय गं, आज लढाई नाही वाटतं? नुसत्याच बसलाय."

मग शालूचं लग्न ठरलं.

मुलगा मेलबर्नचा. तन्मय. दिसायला चांगला, नोकरी चांगली, बोलायला तर इतका गोड की सासूबाई दोन दिवस त्याच्याबद्दलच बोलत होत्या. पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आला, दोनदा भेटला, होकार कळवून परत गेला. लग्न तीन महिन्यांनी आणि लग्नानंतर लगेच ती तिकडे जाणार.

दुसऱ्यांदा भेटून आली तेव्हाची गोष्ट. आम्ही खेळायला बसलो होतो. शालू हसत हसत सांगायला लागली.

"अगं, हॉटेलात वेटर आला. मी म्हणणार, मला तांबडा रस्सा. तर माझ्या आधीच हा म्हणतो, तिला तिखट चालत नाही, तिच्यासाठी पनीर काहीतरी आणा, माइल्ड."

"आणि तू?"

"मी खाल्लं."

"पनीर?"

"पनीर."

मी हसून हसून आडवी झाले. सांगलीच्या पोरीला तिखट चालत नाही! त्या दिवशी सासूबाईंना, सारंगला, सगळ्यांना मी तो किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले. शालूही हसली.

आता नकाशाचं सांगते.

आम्ही खेळायला लागलो तेव्हा शालूची एकच अट होती. इंटरनेटवर काही बघायचं नाही. अडलो तर अडलो. मी ती पाळली, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. पण तारीख ठरली आणि मी हिशेब मांडला की या चालीने आम्ही काही राणीपर्यंत पोचत नाही. राज्य अर्धंसुद्धा उघडलं नव्हतं. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. घरूनच काम करायचे, आणि दिवसभर हेच की कुठलं बटण दाबलं तर काय होतं, काय राहिलं, काय झालं, जे झालं त्यावर खूण. अर्धवट काम बघितलं की माझ्या हाताला खाज सुटते. आणि खरं सांगू? मला ती जायच्या आधी काहीतरी पुरं झालेलं हवं होतं. ती जाणार म्हणून मला रडू येत होतं आणि रडण्यापेक्षा यादी बरी वाटत होती.

"शालू, ये इकडे," एका दुपारी मी लॅपटॉप उघडून तिला बोलावलं. "मी राज्याचे मॅप शोधून ठेवलेत. आपल्याला निवडायचंय."

ती चहाचा कप घेऊन शेजारी टेकली.

"हा पहिला. सगळं आहे यात, पण जाहिराती इतक्या की डोकं फिरेल. आणि कोण मरतं ते पहिल्याच पानावर लिहिलंय मेल्यांनी."

"नको."

"हे मोबाइलवरचं अ‍ॅप. कुठली ढाल चांगली, कुठलं औषध कशाचं करायचं, छान सांगतं. पण दोघींचं एकत्र दिसत नाही. आणि हा तिसरा! हा बघ. अख्खं राज्य. पेट्या बघायच्यात तर नुसत्या पेट्या, कामं बघायचीत तर नुसती कामं. झालं की इथे टिचकी मारायची, खूण पुसट होते. दोघींना एकच खातं वापरता येईल. वर किती टक्के झालं तेही येतं."

तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मागे मी उघडून ठेवलेली आणखी एक टॅब होती, मी ती बादच केली होती. तिने ती उघडली.

"हा कसला आहे?"

"तो रिकामा. त्यात आधीपासून काहीच नाही. आपण जिथे जाऊ तेवढाच भाग उजळतो, खुणा आपल्याच आपण करायच्या."

"हा चांगला वाटतोय की."

"अगं पण त्याचा उपयोग काय? जिथे जाऊन आलो ते तर आपल्याला माहितीच आहे. जिथे गेलो नाही ते सांगायला हवं ना मॅपने?"

तिने तो रिकामा करडा पडदा एकदा वरपासून खालपर्यंत सरकवून बघितला. मग चहा संपवून उठली.

"तू म्हणशील तसं," ती म्हणाली.

मला या वाक्याचा फार आनंद व्हायचा. भांडण नाही, कटकट नाही. मैत्रिणींच्या नणंदांच्या एकेक कथा ऐकल्यावर मला वाटायचं, आपलं नशीब काय चांगलं. स्थळ आलं तेव्हा तिने आईलाही हेच सांगितलं होतं. तू म्हणशील तसं.

मग आमचा घोडा असा काही सुटला! लॅपटॉप टीपॉयवर, मी नकाशा बघून सांगणार, ती चालणार. "डावीकडे. पुलाखालून. आता मागच्या भिंतीला शिडी आहे, चढ. पेटी. घेतलीस? टिचकी मारली." रस्ता चुकायचा प्रश्नच नाही. एका दुपारी आम्ही जेवढं करायचो तेवढं पूर्वी महिन्यात होत नव्हतं. मुक्काम टाकायचं बटण कुठलं होतं तेसुद्धा मी विसरले.

अशाच एका दुपारी एका बुरुजावर चढता चढता ती म्हणाली, "वहिनी, तन्मय ना..."

"थांब थांब, पुढे जाऊ नकोस! दाराशी दोघं लपलेत, मॅपमध्ये दाखवतंय. बाण काढ. हं, मार आता. काय म्हणत होतीस?"

"काही नाही."

"सांग की."

"अगं तो फोनवर म्हणत होता, तिकडे गेल्यावर मी काय करायचं ते त्याने ठरवलंय म्हणून."

"बरंच आहे ना, तुला शोधाशोध नको," मी म्हणाले. "उजवीकडे पेटी राहिली बघ."

ती उजवीकडे वळली.

त्याच सुमाराला सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. शेवयांचे डबे भरत होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "हेमांगी, शालू हल्ली गप्प गप्प असते गं. माझ्याशी काही बोलायची नाही ती. तुझ्याशी बोलते. काही म्हणाली का तुला?"

"नाही हो आई."

"तिच्या मनात आहे ना हे सगळं? अजून पत्रिका छापायला गेलेल्या नाहीत म्हणून विचारते. तू सांगितलंस तर मी यांच्याशी बोलीन. लोक काय म्हणतील ते म्हणतील."

तुम्हाला सांगते, माझ्या सासूबाई साध्या बाई नव्हेत. लोक काय म्हणतील हे त्यांच्या तोंडचं पहिलं वाक्य असायचं. त्या असं बोलल्या म्हणजे त्यांना नक्की काहीतरी खटकत असणार. पण मला काय वाटलं? मला वाटलं, रोज दुपारी दोन-दोन तास मी तिच्या मांडीला मांडी लावून बसते. मला कळणार नाही तर कोणाला कळणार!

"अहो, जायचं म्हणून हळवी झालीय," मी म्हणाले. "तिची काहीएक हरकत नाहीये. तुम्ही छापायला द्या."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तू म्हणतेस तर बरं," म्हणाल्या. आणि पत्रिका गेल्या छापायला.

मग केळवणं सुरू झाली. आज मावशीकडे, उद्या शेजारी, परवा सारंगच्या मित्राकडे. शालू रोज नवी साडी नेसून जेवायला जायची आणि येऊन सोफ्यावर पडायची. त्यातून वेळ काढून आम्ही डोंगर करत होतो. सुरुवातीला सांगितलं ते तळं त्या डोंगराच्या वाटेवर होतं. तिने मला एकदा नाही, तीनचारदा तिकडे चल म्हटलं. प्रत्येक वेळी मी नकाशा पुढे केला. नकाशा खोटं बोलत नव्हता. तिथे खरंच काही नव्हतं.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही राणीला मारलं. पडद्यावर पांढरी अक्षरं झरझर वर जायला लागली. मी नकाशावर शेवटची टिचकी मारली आणि वर आकडा आला, शंभर टक्के. मी अक्षरशः सोफ्यावर उभी राहून नाचले. शालूला मिठी मारली. तिचे डोळे भरलेले होते. माझेही भरले होते, त्यामुळे मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

मी लॅपटॉपचा फोटो काढला आणि आतल्या खोलीत जाऊन ऑफिसच्या मैत्रिणींना, माझ्या भावाला, सगळ्यांना पाठवत बसले. मैत्रिणींचे भराभर निरोप यायला लागले. एवढ्यात बाहेरून हाक आली.

"वहिनी, येतेस का जरा?"

"आलेच!"

थोड्या वेळाने पुन्हा. "वहिनी..."

"अगं आलेच म्हटलं ना!"

मग दाराची घंटा वाजली. मेंदीवाल्या मुली आल्या होत्या. त्यांच्यामागून मावश्या, आत्या, त्यांच्या पिशव्या. मी बाहेर आले तेव्हा टीव्ही बंद होता आणि शालू दोन्ही हात पुढे करून बसली होती. मी म्हटलं, "काय गं, कशाला बोलावत होतीस?" ती म्हणाली, "काही नाही. झालं."

लग्न छान झालं. ती गेली. विमानतळावर मी इतकी रडले की तन्मयच मला म्हणाला, "वहिनी, मी आहे ना तिला सांभाळायला."

त्यानंतरची सात वर्षं मी इथे मांडत नाही. ती माझी नाहीत, तिची आहेत. फोनवर शालूपेक्षा तन्मयच जास्त बोलायचा. शालूची तब्येत कशी आहे, शालूला तिकडचं हवामान कसं मानवलंय, शालूला काम करायची इच्छा का नाही, सगळं तोच सांगायचा. ती मागे कुठेतरी बसलेली असायची. मारहाण, शिवीगाळ, व्यसन, त्यातलं काहीच नाही. म्हणून तर कोणाला सांगता येईना. गेल्या वर्षी ती परत आली. एकटी. कागदोपत्री सगळं संपवून. सासूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या आणि माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मला त्यांनी कधी बोलूनही दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

एका सकाळी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं.

"तेव्हा बोलली का नाहीस शालू? एक शब्द बोलली असतीस तरी मी घर डोक्यावर घेतलं असतं."

"माहितीये की," ती म्हणाली. सोलत राहिली. "तुला दोष नाही देत वहिनी. माझाच धीर होत नव्हता. असं समोर बसून, स्वयंपाकघरात वगैरे, मला नव्हतं जमत. वाटायचं, तळ्यापाशी जमेल."

"कुठल्या तळ्यापाशी?"

"गेममधल्या गं. तिथे करायला काहीच नव्हतं ना. तू बसली असतीस माझ्याजवळ."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला राग आला, खरंच सांगते. तिचा नाही, कोणाचा ते कळेना. एवढी मोठी गोष्ट आणि गेममधल्या तळ्यावर अडकवून ठेवायची? मी उठले, माळ्यावरून ते यंत्र काढलं, धूळ पुसली, टीव्हीला जोडलं, एक कंट्रोलर वायरने यंत्रालाच लावला. आमचा खेळ त्यात तसाच होता. काकू राजधानीच्या चौकात उभी होती, मी सोडून गेले होते तिथेच. नकाशाची ती वेबसाइट मी शोधलीसुद्धा नाही. घोडा काढला आणि आठवत आठवत निघाले. दोनदा चुकले.

तळं दिसलं. काठाला मुक्काम होता.

शेकोटी पेटलेली, हंडी चढलेली, दोन चटया. गेममध्ये शेवटचा टाकलेला मुक्काम तिथेच राहतो, कोणी उचलेपर्यंत. मी तो टाकलेला नव्हता. एका चटईवर भडंग मांडी घालून बसला होता, पाठीला भाता लावलेला. शेजारची चटई रिकामी होती.

मी काकूला घोड्यावरून उतरवलं, चटईपाशी नेलं आणि बटण दाबलं. ती बसली.

मला तिथे एकटीला बसवेना. सकाळीच कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं भडंग होतं, तेच, लसणाचं, पूर्वीच्याच दुकानाचं. मी वाटी भरली आणि हाक मारली.

"शालू, येतेस का जरा?"

"आलेच," ती आतून म्हणाली. आणि आली.

सोफ्याच्या मागे उभी राहून तिने टीव्हीकडे बघितलं.

"अजून आहे होय ते," ती म्हणाली.

"बस की."

ती बसली. मी दुसरा कंट्रोलर तिच्या हातात दिला, तो चालू होईना, चार्जिंगची दुसरी वायर सापडेना. तिने तो नुसताच मांडीवर ठेवला.

"बोल," मी म्हणाले. "आता बोल. मी कुठेही जात नाही."

ती हसली. फार माया होती त्या हसण्यात. "आता काय बोलू वहिनी? झालं ना सगळं."

मी काहीतरी करायला हवं म्हणून वाटी तिच्यापुढे सरकवली. "मग हे तरी घे. मिरच्या तुझ्यासाठी ठेवल्यात."

तिने वाटीत हात घातला. एक मिरची उचलली, बोटांत धरून बघितली आणि हळूच परत वाटीत ठेवली.

"नको गं. तिखट चालत नाही मला."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला वाटलं, माझा विश्वास बसत नाहीये.

"खरंच," ती म्हणाली. "आता नाही चालत."